या ना पुण्याला

दुपारी चारच्या सुमारास आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा राजनंदिनी वाघोलीच्या फ्लॅटमध्ये एकटीच होती आणि धुमसत होती. आई-बाबा सहल कंपनीबरोबर जर्मनीत, ल्युबेक नावाच्या जुन्या व्यापारी गावात हिंडत होते. जाताना आईने तिला न विचारता तिची खोली कुठल्याशा पाहुण्यांना देऊन टाकली होती. ते पाहुणे कालच गेले. लहानपणापासून हेच. आई वाटेत भेटेल त्याला "या ना घरी" म्हणायची आणि राजनंदिनी हॉलमध्ये सतरंजीवर झोपायची.

"नंदू, बोळ बघ केवढासा!"

विटांच्या दोन उंच घरांमधून आई वाकून आत शिरली. आत चिमुकलं, सावलीतलं अंगण. एका ठेंगण्या खिडकीत पांढरी टोपी घातलेली म्हातारी बसली होती. पापणीसुद्धा हलत नव्हती.

"आई, फोटो काढ आणि नीघ."

"एकटीच दिसते गं बिचारी." आई खिडकीशी वाकली. "या ना आमच्याकडे, पुण्याला. नंदूची खोली आहे. संकोच नको हं!"

"माझी खोली? तिथूनसुद्धा?"

मागून गाइड चेतनचा आवाज आला. "काकू, कुणाशी बोलताय? ते घर कधीचं बंद आहे."

आई वळली. तिच्या खांद्यामागे खिडकी दिसली... आडव्या फळ्या ठोकलेली, फळ्यांवर शेवाळ.

इकडे फ्लॅटच्या हॉलमध्ये वास यायला लागला. ओल्या विटांचा, खारवलेल्या माशांचा. मग बेल असूनही कुणीतरी दारावर बोटांनी टकटक केली. हळू. पुन्हा हळू.

"आई... तिला सांग, येऊ नका. आत्ता सांग!"

"बोलावलेल्या माणसाला असं म्हणतात का? काहीतरीच तुझं."

राजनंदिनीचं डोकंच फिरलं. भीतीपेक्षा संतापच मोठा होता. ती दाराकडे धावली, साखळी अडकवली आणि ओरडली, "इथे जागा नाही! आईने बोलावलं असेल, मी नाही बोलावलं! माझी खोली कुणालाही मिळणार नाही!"

टकटक थांबली.

बऱ्याच वेळाने तिने साखळी तशीच ठेवून दार किलकिलं केलं. जिन्यात कुणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर लाकडी बुटांची एक ओली जोडी होती. आपल्याकडे आत येण्याआधी काढून ठेवतात तशी, नीट जुळवलेली.