स्वच्छ नमुना

आमची लॅब मुलुंड पूर्वेला, नव्वद फुटी रस्त्यावर, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. बारा वर्षं मी तिथे ॲलर्जीच्या तपासण्या करतोय. ज्याला ज्या गोष्टीची ॲलर्जी, तिच्याविरुद्धचं आयजीई नावाचं प्रतिपिंड त्याच्या रक्तात सापडतं. मशीन आकडा देतं, मी सही करतो. यात गूढ काही नाही, असं मी नव्या लोकांना ठणकावून सांगायचो.

मशीन बरोबर चाललंय ना, हे बघायला दर सोमवारी कसलीच ॲलर्जी नसलेल्या माणसाचा नमुना लावतात. तो विकत मिळतो, पण आम्ही लॅबवाले आळशी, स्वतःचंच रक्त काढतो. फेब्रुवारीत मी माझं काढलं, त्याचं सीरम वीस छोट्या नळ्यांत भरून गोठवलं. सगळे आकडे शून्य होते.

मार्चमध्ये एका नळीत दुधाचा आकडा अकरा आला. लेबलांची अदलाबदल केली म्हणून मी वनमालाला, माझ्या मदतनीस बाईला, झापलं. पुढच्या सोमवारी चाळीस. त्याच्या पुढच्या सोमवारी बासष्ट. नळ्या सगळ्या एकाच दिवशी भरलेल्या, आणि गोठलेल्या रक्तात काही वाढत नाही.

बासष्ट मला पाठ होता. तो माझ्या दिशाचा दुधाचा आकडा. ती नऊ वर्षांची. दूध, अंडं, शेंगदाणा, कोळंबी, चारही तिच्या जिवावर उठलेले. दोनदा आम्ही तिला निळ्या ओठांनी हॉस्पिटलात नेलंय. त्याच संध्याकाळी तिचं रक्त काढलं. दूध शून्य.

दुसऱ्या दिवशी चहाचा घोट घेतला आणि माझे ओठ सुजले.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मे संपेपर्यंत तिचं अंडं गेलं, शेंगदाणा गेला. दोन्ही आधी नळीत दिसले, मग माझ्या अंगावर. माझ्या बायकोने, इरावतीने, लेकीला पहिल्यांदा आम्लेट करून दिलं आणि ओट्याला धरून रडली. मी कोरा चहा पीत बघत होतो.

कोळंबी मात्र अठ्ठ्याऐंशीवर अडली. तीच सगळ्यात वाईट. शिजतानाच्या नुसत्या वाफेने दिशाचा गळा आवळायचा. मी नळ्यांमागून नळ्या लावल्या, काही हललं नाही. माझ्यात बहुधा जागा उरली नव्हती.

"दादा, तुमचं रक्त आता चालायचं नाही ना," वनमाला म्हणाली. "माझं घ्या. कोळ्याची पोर मी, मला कसली ॲलर्जी?"

ती भांडुपची. तिची आई मासळी विकते. लॅबला यायच्या आधी ही तिच्यासोबत कोळंबी सोलते. 'नको, विकत आणू', एवढंच मला म्हणायचं होतं. मी सुई उघडली.

पहिल्या सोमवारी तिच्या नळीत कोळंबी नऊ.

दुसऱ्या सोमवारी एकेचाळीस. दिशाची सत्तेचाळीसवर आली.

शुक्रवारी वनमाला उशिरा आली. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठल्या होत्या.

"काय झालंय कळत नाही, दादा. रात्री श्वासपण अडकला. आई म्हणते कोळंबीला हात लावू नको, पण मग सोलणार कोण? माझी टेस्ट लावाल एकदा?"

"लावतो ना."

गांधी नसलेली शीर शोधायला वेळ लागला.

दुपारी मशीनने कोळंबीसमोर बावन्न छापलं. मी रिपोर्टवर शून्य लिहिलं आणि सही केली.

"स्वच्छ आहे," म्हणालो. "उन्हाचं असेल."

तिचा चेहरा सैल पडला. "बरं झालं. डब्यात कोळंबीचं कालवण आहे, आणि मी सकाळपासून उपाशी. खाल्लं तर चालेल ना?"

दिशाचे अजून छत्तीस उरले होते.

"चालेल," मी म्हणालो.

तिने हात धुतले आणि माझ्यासमोर बसून डबा उघडला.