महारुद्रच्या नावाची नोंद

मानवतच्या त्या जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या केबिनला दोन स्क्रीन होते. एक आत, काटा चालवणाऱ्यासाठी; दुसरा खिडकीत, कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला वजन दिसावं म्हणून. हंगाम भरात आला तसा मालक बन्सीधरशेठनी खिडकीतला स्क्रीन बंद करायला लावला. आकडा दिसला की माणसं वाद घालतात, असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या अर्पितानं सेटिंगमध्ये जाऊन तो बंद केला. पण रोज दुपारी तो पुन्हा सुरू झालेला असे.

"महारुद्रच करायलाय," शेठ म्हणाले. "शेतकऱ्यांचा लय पुळका हाय त्याला. पुरावा दे, आजच घरी पाठवतो."

अर्पिता बी.एस्सी. होऊन नुकतीच कामाला लागलेली. नुसत्या संशयावर कुणाला काढू नये, असं तिला मनापासून वाटे. आतापर्यंत सगळे एकाच पासवर्डवर काम करत. तिनं प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. मग सेटिंगमधल्या बदलांची नोंद ठेवणारी सोय चालू केली. नुसती चालू करून भागत नाही, कशावर पाळत ठेवायची तेही दाखवून द्यावं लागतं. तिनं खिडकीतल्या स्क्रीनचं सेटिंग दाखवलं. पाहणाऱ्याची नोंद नको, बदलणाऱ्याचीच हवी, हेही नीट लावलं.

"माझं नाव बरोबर टाका बरं, ताई," महारुद्र हसत म्हणाला. पेडगावहून रोज येणारा, पन्नाशीतला काटेवाला. "न्हाईतर माझ्या वाट्याच्या शिव्या दुसऱ्यालाच पडायच्या."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती केबिनला कुलूप लावून डबा धुवायला नळावर गेली. वाटेत लिंबाखाली महारुद्र पोत्यावर गाढ झोपला होता. मिशीवर कापसाचं तूस, श्वास संथ. ती परतली तेव्हा कुलूप तसंच होतं आणि खिडकीतला स्क्रीन चालू होता.

नोंदीत नाव होतं महारुद्रचं. पासवर्ड बरोबर. याच कॉम्प्युटरवरून.

"तुझं मशीन खोटं तर बोलत न्हाई ना?" शेठनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

तो झोपलेला होता, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तसं सांगितलं तर आपलंच काम चुकलं असं ठरेल. आधी तपासू, मग सांगू, असं तिनं ठरवलं. तिनं सगळं पुन्हा तपासलं. चूक कुठेच सापडली नाही. तोवर शेठनी कामावरून काढलेला महारुद्र डबा उचलून फाटकाबाहेर पडला होता. जाताना एवढंच म्हणाला, "मी न्हाई केलं, ताई." तिनं मान वर केली नाही.

संध्याकाळी तिनं त्याचं नाव कॉम्प्युटरवरून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीन चालू झाला. नोंद महारुद्रच्याच नावाची.

तो बंद करून ती तडक शेठकडे गेली. तिनं झोपेचंही सांगितलं, आपण गप्प बसल्याचंही. शेठ म्हणाले, "बोलव त्याला."

केबिनमध्ये येऊन तिनं फोन लावला. उचलला त्याच्या बायकोनं, कडूबाईनं.

"झोपलेत. काल घरी आल्यापासून लय झोपायलेत, ताई."

"उठवा ना, काकू. उद्यापासून कामावर या म्हणावं. चूक माझी होती."

"अवो, उठा! मानवतचा फोन हाय."

अर्पितासमोर माउसला कुणाचा हात नव्हता. स्क्रीनवरचा बाण हलला.

"उठायनात," कडूबाई म्हणाली. "बोटं तेवढी हलायलीत."

"हलवा त्यांना, काकू. जोरात हलवा!"

बाण सेटिंगपाशी गेला. थांबला. पुढे सरकला.

खिडकीतला स्क्रीन उजळला.

"आज दिसायलंय बगा वजन," बाहेरून ट्रॉलीवाला खुशीत ओरडला.

फोनवर कडूबाईचा आवाज आला, अगदी हळू.

"अंग गार पडलंय, ताई. आन् बोटं अजून हलायलीत."