पापा सिलासची नाळ

“याच खोलीत, मंडळी, याच पलंगावर आमच्या पापा सिलासने पहिला टाहो फोडला!” मी म्हणाले, आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

जहाजावरून हे घर बघायला येणारे पाहुणे असं हसत नाहीत. ते माना डोलावतात, फोटो काढतात आणि संडास कुठे आहे ते विचारतात. मी टाचा उंचावून पाहिलं. दाराला टेकून एक उंच पोरगा उभा होता. खांद्यावर जायफळांचं पोतं, पावसाने अंगाला चिकटलेला शर्ट, आणि डोळ्यांत भांडणाची खुमखुमी.

“काय झालं हसायला?”

“काही नाही, बाईसाहेब. पलंग झकास आहे. फक्त पापा त्याच्यावर जन्मला नाही.”

“मग काय तुझ्या पोत्यात जन्मला?”

“डोंगरापलीकडे. आमच्या ला तांत गावात.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग.

त्याचं नाव केलन. पुढे प्रत्येक जहाजाच्या दिवशी तो हजर! म्हणे, जायफळ विकायला येतो. जायफळाची वखार खाली बंदरात आहे, माझ्या ओसरीवर नाही, हे मी त्याला सुनावलंही. तर म्हणतो, “वखारवाला तुझ्यासारखं नाक फुगवत नाही ना, जोसेट.” मी नाक फुगवलं. आणि मग ते फुगलंय हे कळून… कानापर्यंत लाल झाले.

पापाबद्दल मात्र आमच्यात भांडण नव्हतं. मळ्यांत बायांना पुरुषांच्या निम्मी मजुरी मिळायची, तेव्हा या माणसाने सगळ्या बेटाचं काम बंद पाडलं. मालक बोलणी करायला आले, तर म्हणाला, “आधी आयांची मजुरी, मग माझ्याशी बोला.” तुरुंगात गेला, वाकला नाही. देशाचा कारभारी झाल्यावरही घरी आला की ओसरीत बसून बायांबरोबर तुरीच्या शेंगा सोलायचा. असा माणूस आमच्या मातीत जन्मला, हे मी पाहुण्यांना रोज अभिमानाने सांगते. त्यात नाटक नसतं.

म्हणून तर ती पितळी पाटी एवढी महत्त्वाची होती. सरकारची समिती ठरवणार होती अधिकृत जन्मस्थान, तिथे ही पाटी लागणार, आणि बसगाड्या पाटीपाशीच थांबणार. आमच्या बेलव्यू गावातल्या या घराला पाटी लागली की माझी घर दाखवायची नोकरी पक्की. नाही लागली, तर मी परत बंदरावरच्या हॉटेलात, लोकांच्या चादरी बदलायला.

“एकदा पलीकडे चल,” केलन म्हणाला. “टांट युलालीला भेट. मग वाटेल तेवढी भांड.”

शेवटी गेले मी त्याच्याबरोबर. डोंगरावर सर आली. त्याने अळूचं भलंमोठं पान तोडून माझ्या डोक्यावर धरलं आणि स्वतः भिजत राहिला.

“तूही ये की खाली.”

“पान लहान आहे.”

“मी चावत नाही.”

“कोण म्हणतं?” तो हसला. पण आला… आणि खिंड येईपर्यंत त्याचा ओला खांदा माझ्या खांद्याला लागत राहिला.

टांट युलाली, त्याची म्हातारी आत्या, नव्वदीची. तिची आई गावची दाई होती. तिने कोकोचा चहा पुढे ठेवला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. “तूच का ती, खोटं बोलणारी?”

“टांट!” केलन ओरडला.

“मग काय! अगं पोरी, पहिलटकरीण बाळंतपणाला कुठे जाते? आईकडेच ना? सिलासची आईही इथे माहेरी आली. माझ्या आईने सोडवलं तिला, शेजारच्याच घरात. तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती?”

मला चहा गोड लागेना. म्हातारी खरं बोलत होती. आमच्या बेटावर एकही बाई पहिल्या खेपेला सासरी बाळंत होत नाही. मग मी बाई असून ही शंका मला कशी आली नाही? पाटीच्या समितीत सगळे बाप्ये. त्यांनी विचारलं, घर कुणाचं? बापाचं. झालं! कळा बाईने सोसायच्या आणि पाटी बापाच्या भिंतीवर. बायांसाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या जन्मातूनच बाई खोडून टाकली होती या लोकांनी!

टांट आणखी काही सांगू लागली, पण केलनने पावसाचं निमित्त करून मला उठवलं. परतताना तो खिंडीत थांबला. “कुणाला सांगू नकोस. पाटी लागू दे.”

“आणि ला तांत?”

“आम्हाला पापा माहीत आहे. पण तू बंदरावर गेलीस तर…”

“मला दया नकोय, केलन.”

“दया?” तो म्हणाला. “दया म्हणतात होय याला?”

मी भराभर उतार उतरले. छाती मात्र बँडसारखी वाजत होती.

पाटीच्या दिवशी खराच बँड आला. मंत्री आले, पाटीवर झेंड्याचं कापड, समोर सगळं बेलव्यू. माझ्या हातात माईक. मी पलंगाकडे बोट केलं… आणि बोट खाली आलं.

“पापा इथे जन्मला नाही,” मी म्हणाले. “तो आईच्या माहेरी जन्मला, ला तांतमध्ये. तुम्ही कुठल्या बाईला विचारलंच नाही.”

मंत्र्यांचं हसू गळून पडलं. “जोसेट, डोकं फिरलं का गं!” माझा सख्खा मामा ओरडला. “गावाच्या पोटावर पाय देतेस!”

“थांबा!” गर्दी सारत केलन पुढे आला. “अर्धंच सांगितलंय तिने, कारण टांटला मी पुढचं सांगू दिलं नव्हतं. नाळ गळून पडल्यावर आईने ती रुमालात बांधली. बाळ छातीशी धरून डोंगर ओलांडला, आणि ती इथे, या परड्यात पुरली. वर नीरफणसाचं रोप लावलं.”

सगळ्यांच्या माना त्या झाडाकडे वळल्या. त्याच्या सावलीत मी पाहुण्यांना उभं करायचे, फक्त ऊन लागू नये म्हणून! आमच्याकडे कुणी कुठे जन्मलास असं विचारत नाही. तुझी नाळ कुठे पुरलीय, असं विचारतात. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मामा झाडाला हात लावून मुसमुसायला लागला.

मंत्री शेवटी मंत्रीच. “दोन पाट्या!” त्यांनी घोषणा केली, जणू आधीपासून तेच ठरलं होतं. “आणि दोन्हींवर आधी आईचं नाव,” मी माईक न सोडता म्हणाले.

आता पाहुणे त्या आईच्या वाटेने चालतात. खिंडीपर्यंत केलन त्यांना आणतो, तिथून मी झाडापर्यंत. काल ते फोटो काढत पुढे गेले, तेव्हा मी विचारलं, “नाळेचं का लपवलं होतंस?”

“भांडण मिटलं असतं. मग कुठल्या निमित्ताने आलो असतो?”

“गाढव आहेस.”

“आहेच.” तो बुटाच्या टोकाने माती उकरू लागला. “जोसेट… आपल्या पोराची नाळ कुठे पुरायची गं? तुझ्या परड्यात की माझ्या?”

“आधी लग्नाचं विचार!”

“तेच तर विचारतोय.”

वारा पडला होता. जायफळाचा ओला वास… आणि तो चक्क घाबरलेला.

“इथे,” मी पायाने जागा दाखवली. “खिंडीत. वर जायफळ लावू.”

“वेडी! एकट्या जायफळाला फळ धरत नाही. नर-मादी जवळजवळ लागतात.”

“मग,” मी म्हणाले, “जरा जवळ ये ना.”