माहेरकडं

हंगामातली पहिली कासवीण वाळूवर आली की आडवेळ गावच्या बाया तिची ओटी भरत. तांदूळ, नारळ आणि हळदकुंकू तिच्या वाटेवर ठेवायचं, तिला हात मात्र लावायचा नाही. अंडी घालून ती माघारी निघाली की म्हणायचं, "सुखान जा, परतान ये." माहेरवाशिणीला म्हणतात तसंच.

हे आडवेळ नवं. जुनं समुद्राने गिळलं तेव्हा माणसं डोंगराच्या अंगाला सरकली, पण कासविणींना कोण सांगणार? पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जोर आणि कल प्रत्येक किनाऱ्यावर थोडा वेगळा असतो. पिल्लू जन्मताना तो टिपून घेतं आणि मोठेपणी त्याच खुणेवर अंडी घालायला परत येतं. शास्त्रज्ञ हिला जन्मखूण म्हणत. या जन्मखुणेवर विसंबून आलेल्या माद्या बुडालेल्या गावाच्या दगडी बांधावर आपटत आणि अंडी पाण्यात टाकत. जात संपायला आली होती.

तेव्हा डॉ. ताहीर खतीब यांनी नव्या वाळूखाली तांब्याच्या तारेचं भलंमोठं वेटोळं पुरलं. त्यात वीज सोडली की तिथली खूण जगात दुसरीकडे कुठे नाही इतकी ठळक होई. फुटायला आलेल्या अंड्यांतली पिल्लं तर कवचातच एका दिशेला तोंड वळवत. गावाने त्या वेटोळ्याचं नाव ठेवलं माहेरकडं. कासविणी परत येऊ लागल्या आणि बायांनी हट्टच धरला की गावचं बाळंतघरही कड्याच्या आतच हवं. जिथे कासविणींची लेकरं सुखरूप निघतात तिथेच आपल्या लेकी मोकळ्या व्हाव्यात. डॉक्टर तेव्हा हसून हो म्हणाले होते.

कड्यात वीज सोडायची कळ प्रणालीकाकू मयेकरांच्या हाती होती. त्यांची लेक ओवी याच बाळंतघरात जन्मली, शिकली, आणि आईशी कडाक्याचं भांडून तस्मानियाला निघून गेली. "या गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही," असं म्हणून गेलेली पोर पहिलटकरीण होऊन, सातव्या महिन्यात आपणहून दारात उभी राहिली. काकूंनी तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि आत जाऊन पोटभर रडल्या. देव, समुद्र, कासविणी, ज्याचे म्हणून उपकार मानता येतील त्याचे त्यांनी मानले.

ओवीचे दिवस भरत आले तेव्हा डॉक्टर आले. ओसरीवर चहा निवत होता तरी ते कपाला हात लावेनात.

"काकू, या बाळंतघरात जन्मलेल्या मुली कुठे कुठे गेल्या. पण पहिल्या खेपेला सगळ्या इथेच आल्या. दोघी तर नवऱ्यालाही न सांगता."

"पयल्या बाळंतपणाक चेडू माहेराक येतलाच. ह्या काय नवा?"

"याच गावच्या, पण कुडाळच्या दवाखान्यात जन्मलेल्या नाही आल्या. हल्ली कोण येतं? एकही आली नाही."

काकूंनी हळूच विचारलं, "म्हणजे माझा चेडू माझ्यासाठी इला नाय?"

"ते मला सांगता येणार नाही. तिलाही नाही सांगता येणार."

ते पुढे म्हणाले, "आज पिल्लं निघतील. कळ दाबायलाच हवी, नाहीतर ती जन्मभर भटकतील. त्याआधी ओवीला कुडाळला न्या. खूण जन्मल्यावरच बसते असं मी समजतो. बाळ तरी मोकळं राहील."

काकूंना मोह झाला, नाही असं नाही. गप्प राहिलं की नातवंड कायमचं गावाशी बांधलेलं. पण लेक परत मिळाली होती. कशामुळे का असेना, एवढं पदरात पडलं असताना नातवंडाच्या पायात बेडी घालायची हाव कशाला? त्यांनी गाडी मागवली आणि ओवीला सगळं सांगितलं.

ओवीने शांतपणे ऐकून घेतलं. "आये, माका खय जावचा नाय."

"ह्या तू बोलतंस काय ता कडा?"

"माका नाय म्हायत," ओवी म्हणाली. "पण तुका बघून बरा वाटला. ता खोटा नाय."

काकूंनी तिचा हात धरला, विनवण्या केल्या. ओवी बाळंतघराच्या पायरीवरून हलली नाही. गाडी दारात उभी होती. सूर्य पाण्याला टेकला आणि वाळू हलू लागली. एक काळं इवलं डोकं वर आलं, मागून दुसरं. आता थांबणं शक्य नव्हतं. काकूंनी कळ दाबली.

"आये," ओवीने हाक मारली. "हात ठेव हय. बाळ फिरला."

काकूंनी तिच्या पोटावर तळवा टेकला. आतला जीव सावकाश वळत होता, आणि एका दिशेला येऊन थांबला. काकूंचे डोळे भरून आले. ते आनंदाने की भीतीने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

वाळूवरून पिल्लं पाण्याकडे निघाली होती.

"सुखान जा," काकू म्हणाल्या. पुढचं म्हणायची आता गरज नव्हती.