बेचाळिसावा माणूस

मोडी मला वडिलांनी शिकवली. रत्नागिरीला लोकांचे जमिनीचे जुने कागद वाचून द्यायचे ते. भाईंदरजवळच्या शांती नगरमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, साठी जवळ आल्यावर ती विद्या उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. पण मिनलने लॅपटॉप आणून ठेवला.

"काकू, लढाऊ गलबताचा रोजनामा आहे. टोपीकरांशी लढाई चालू होती तेव्हाचा. पानांचे फोटो आहेत, देवनागरीत उतरवायचे. एकच पान दोघींनी आपापल्या घरी उतरवायचं, मग ताडून बघायचं. म्हणजे चूक राहत नाही."

मिनल म्हणजे माझ्या निकेतला ठरवलेली मुलगी. निकेत मालवाहू जहाजावर होता. बारा वर्षांपूर्वी भर समुद्रात डेकवरून नाहीसा झाला. देहसुद्धा मिळाला नाही. मिनलने मग लग्नच केलं नाही. आणि मी भात सोडला. तो आला की त्याच्याच पानातला पहिला घास घेईन, असं देवीला बोलले होते.

मिनलला लाडू दिला की बशी मागे सरकवायची. "गोड नको काकू, शुगर."

"या वयात कसली गं शुगर?" म्हटलं की नुसती हसायची.

रोजनाम्यात रोज तेच असायचं. वारा कुठला, पाणी किती खोल, माणसं किती. माणसं एक्केचाळीस. रोज एक्केचाळीस.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. पूजा उरकून दुपारी पान उघडलं. भाईंदरच्या मिठागरांकडून कधीकधी खारा वारा येतो, तसा वास आला. पण खिडकी तर बंद होती, आणि वासात ओल्या दोरखंडाची कुबट घाण होती. मी वाचलं...

'पहाटे पाण्यातून एक माणूस काढिला. जिवंत आहे. मनगटी काळा दोरा, पाच गाठी. माणसे बेचाळीस.'

तो दोरा निकेतच्या मनगटावर मी बांधला होता. पाच सोमवार करून, सोमवारी एक अशा पाच गाठी मारून.

संध्याकाळी मिनल आली, तिने तिचं पान काढलं. "काकू, असं काही नाहीये. एक्केचाळीसच आहेत."

"नीट बघ गं."

दोघींनी एकाच पडद्यावर बघितलं. मला दिसत होतं. तिला नाही. तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आज राहू दे..."

त्यानंतर मी तिला सांगणंच सोडलं, ताडायला एक्केचाळीसच लिहून द्यायची. आणि यांना सांगायचा धीर नव्हता. दुपार झाली की पत्राची वाट बघावी तशी मी पान उघडायची. 'पाण्यातला माणूस शीड ओढितो. बोलत नाही.' एवढं वाचलं तरी दिवस गोड व्हायचा. आहे ना, काम करतोय ना!

मग एके दिवशी आलं, 'पाण्यातल्या माणसास भात वाढिला. खात नाही. म्हणतो, आईने सोडिला आहे.'

दुसऱ्या दिवशी, 'खात नाही. हाडे दिसतात.'

तिसऱ्या दिवशी, 'निजत नाही. डोलकाठीपाशी उभा असतो. गलबताचा तांडेल म्हणतो, यास मागे कोणी धरून ठेविले आहे.'

मी लॅपटॉप मिटला. हे दारात उभे होते. वर्षभर एकच विषय काढत होते, आणि मी दरवेळी उठून स्वयंपाकघरात जात होते.

"अगं, बारा वर्षं झाली. पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देऊ म्हणतात गुरुजी. पोराला वाट तरी मिळू दे."

"करा," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग खाली बसून लहान मुलासारखे रडले.

खाडीकाठी विधी झाला. माणसाएवढा पुतळा, पण केवढासा धूर! घरी येऊन मी वरणभात केला. पहिला घास हातात घेतला. देवी, बोललेलं मोडतेय, शिक्षा मला दे, त्याला नको, म्हणत म्हणत सगळा भात संपवला.

दुसऱ्या दुपारी पान उघडलं. 'पाण्यातला माणूस काल पोटभर जेविला. पहाटे पाहिले, तो नाही. माणसे एक्केचाळीस.'

पोटभर. तो एक शब्द मी कितीदा वाचला असेन. डोळे पुसून मिनलला फोन लावला.

"मिनल, माझी एक्केचाळीस आली गं. आता जुळेल आपलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"काकू... माझ्याकडे आज बेचाळीस आहेत."

मी फोन कानाशी दाबला. "काय लिहिलंय? वाच."

तिचा आवाज अगदी बारीक झाला. "'पाण्यातला माणूस... परत आला. त्यास गूळ दिला... घेत नाही...'"

"मिनल, गोड कधीपासून सोडलंस गं तू?"

 तिचं घर भाईंदर पश्चिमेला, भर बाजारात. भरदुपारी तिथे रिक्षांच्या हॉर्नने बोलणं ऐकू येत नाही. फोनमध्ये मात्र ओलं लाकूड करकरत होतं... आणि अगदी तिच्याजवळ कुणीतरी दोरखंड ओढत होतं.