ब्रांदुरची रेघ

केतिलला फक्त एक पंप पोचवायचा होता. डिझेलच्या शेगडीचा, मुठीत मावेल एवढा. हिमनदीपलीकडच्या खोपटात त्याची मुलगी सोल्वेग त्या हिवाळ्यात राखणीला होती आणि तिथली शेगडी दुपारीच बंद पडली होती. बाहेर उणे बावीस.

हे आम्हाला आमच्याबरोबर आलेल्या स्टेइनारने सांगितलं, त्याच खोपटात, गेल्या मार्चमध्ये, रात्रीची जेवणं उरकल्यावर. वय एकाहत्तर. "केतिल माझ्या ओळखीचा. त्याच्याच तोंडून ऐकलंय," म्हणाला. म्हाताऱ्यांच्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत बर्फ जास्त असतो आणि चूक दुसऱ्याची असते. पण बाहेर वादळ होतं, जाणार कुठे? ऐकून घेतली.

शनिवार, नऊ फेब्रुवारी दोन हजार एकोणीस. रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटं. गावाच्या सभागृहात थोर्राब्लोतची, भर हिवाळ्यातल्या सणाची मेजवानी चाललेली. आंबवलेला शार्क, मेंढ्यांची मुंडकी आणि वरून दारू. गाडी चालवायच्या लायकीचा एकटा केतिल उरला होता.

हिमनदीवर एकटी गाडी न्यायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. केतिलने जोडीला कुणीतरी चला म्हटलं. सगळे म्हातारे हसले.

"तुझ्या त्या राक्षसिणीला जोडीदार कशाला रे?" त्यांच्यातला सगळ्यात जुना वाटाड्या ब्रांदुर ओरडला. "लग्न लावायचंय का तिचं?"

गाडी राक्षसीण होती खरी. केतिलने दोन हिवाळे तिच्याखाली पडून काढले होते. मडगार्ड कापले, बॉडी हातभर उचलली, चव्वेचाळीस इंची टायर चढवले, गोगलगायीसारखं सरकता यावं म्हणून जास्तीचा गिअरबॉक्स जोडला. पुढचा अ‍ॅक्सल ब्रांदुरने दिला होता. "एका शेतकऱ्याच्या गाडीचा आहे," म्हणाला होता. जीपीएसमध्ये वाटेची रेघही त्यानेच भरून दिली. "तीस वर्षं ह्याच रेघेवरून जातोय. डोळे मिटून जा."

अ‍ॅक्सल ऑर्मुरच्या गाडीचा होता. ऑर्मुर सहा वर्षांपूर्वी गाडीसकट बर्फाच्या भेगेत गेला. गाडी वर ओढली, ऑर्मुर सापडला नाही. गावाने सांगितलं, पोरगा रेघ सोडून भरकटला. भेगेची गोष्ट केतिलला ठाऊक होती. अ‍ॅक्सलचं कुणी बोललं नव्हतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो हिमनदीच्या काठाशी थांबला. मऊ बर्फावर गाडी तरंगायला हवी तर टायर जवळजवळ रिकामे करावे लागतात. दोघं असले की एक डावी बाजू घेतो, दुसरा उजवी. केतिलने डावीकडचा पुढचा सोडला, मग मागचा. हवा मोजायचा काटा तीनवर आणला. वळसा घालून उजवीकडे गेला.

दोन्ही टायर बसलेले होते.

त्याने काटा लावला. तीन. दुसऱ्याला लावला. तीन. व्हॉल्व्हची टोपणं परत घट्ट लावलेली.

"गळत असतील," मी म्हणालो.

"गळती जाताना टोपण लावून जात नाही, पोरा."

कुणी हसलं नाही.

बारानंतर वारा सुटला. आभाळ आणि जमीन एकच झाली. अशा वेळी जोडीदार खाली उतरतो आणि काठीने बर्फ टोचत गाडीपुढे चालतो. केतिलपुढे कोण चालणार? तेवढ्यात रेडिओ बोलला.

"बाबा... बोटं वळत नाहीयेत."

"झोपू नकोस. सोल्वेग! ऐकतेस?"

"थंडी गेली आता... छान वाटतंय..."

मग खरखर.

गारठलेल्या माणसाची थंडी गेली म्हणजे मरण जवळ आलं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. केतिलने ब्रांदुरच्या रेघेवर गाडी घातली.

आणि गाडीच्या दिव्यांच्या उजेडात माणूस दिसला.

पाठमोरा. हातात काठी. एक पाऊल. टोच. एक पाऊल. टोच.

केतिलने हॉर्न दाबला. माणूस वळला नाही.

ब्रेक दाबला. माणूस थांबला.

वाट पाहत उभा राहिला...

मग डावीकडे निघाला. रेघ सरळ जात होती.

पुढची चाकं हलली. केतिलने स्टीअरिंग सरळ धरलं होतं, तरी चाकं डावीकडे ओढत होती. त्याने रेघेकडे पाहिलं. माणसाकडे पाहिलं. आणि स्टीअरिंगवरचे हात काढून घेतले.

उजवीकडे, रेघेवरच, बर्फ खचला. आवाज नाही. पांढरं होतं तिथे...

काळं झालं.

दोन वाजता खोपटाचा दिवा दिसला. पुढे कुणीच नव्हतं. सोल्वेग भिंतीला धरून दारात उभी होती.

"तुझा जोडीदार कुठे गेला?"

"कुठला जोडीदार?"

"दार वाजवत होता तो. किती वेळ... मी झोपले होते, बाबा. त्यानेच उठवलं."

स्टेइनार थांबला. त्याच्या कपातली कॉफी गार झाली होती.

"ऑर्मुर भरकटला नव्हता," मी म्हणालो. "तोही रेघेवरच होता. हो ना?"

स्टेइनारने कप खाली ठेवला.

"तुला माहीत होतं."

"ब्रांदुरला माहीत होतं."

"मी तुझं विचारतोय."

"गाडी वर आली तेव्हा दोर माझ्या हातात होता," तो म्हणाला. "रेघेवरच होती. आम्ही पाच जण होतो. पाचही जणांनी सांगितलं, भरकटला."

"का?"

"ब्रांदुर रडत होता."

मी शिव्या घातल्या. त्याच्या वयाच्या माणसाला घालू नयेत तसल्या. एका जिवंत म्हाताऱ्याचं नाक वर राहावं म्हणून मेलेल्या पोरावर चूक ढकललीत, आणि वर तीच रेघ दुसऱ्याच्या गाडीत भरून दिलीत! त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शेगडीच्या वर बोट दाखवलं.

तारेवर आमचे हातमोजे वाळत होते. संध्याकाळी टांगलेले, आता पापडासारखे कडक. टोकाला एक जास्तीचा होता. लोकरीचा, उजव्या हाताचा. आमच्यापैकी कुणाचाच नाही.

"दाराच्या कडीत अडकवलेला होता त्या रात्री," स्टेइनार म्हणाला. "सोल्वेगने वाळत घातला. पाच वर्षं झाली."

शेगडीचा पत्रा लाल झाला होता.

मोज्याच्या अंगठ्यावर थेंब जमला. पडला. चुर्र...

मग दुसरा जमू लागला.