सात नंबरची तांबडी चिठ्ठी

"श्श्! बॉम्ब, हळू बोल ना!"

"मी हळूच बोलतोय!" बॉम्ब ओरडला, आणि सात नंबरच्या पिंजऱ्यातला कुत्रा अंग चोरून भिंतीला आणखी चिकटला.

मुंगीने कपाळावर हात मारला. ती सुट्टीत मामीकडे आली होती. छळातून सोडवून आणलेल्या कुत्र्यांना मामी सांभाळायची. मामेभावाला हळू बोलणं माहीतच नव्हतं, म्हणून तो बॉम्ब. त्याची धाकटी बहीण दिवसभर प्रश्न विचारायची, म्हणून ती चौकशी. आणि मुंगी? एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणून मुंगी!

पण यावेळी मुंगीचाही धीर सुटत चालला होता. ट्रक धुतात अशा एका वॉशिंग सेंटरमागे हा कुत्रा साखळीला बांधलेला सापडला होता. महिना झाला तरी तो माणसासमोर ना खात होता, ना पीत होता. वर पिंजरे धुणाऱ्या काकांच्या हाताचा चावाही घेतला होता. मंगळवारी मामीने त्याच्या दारावर तांबडी चिठ्ठी लावली. शनिवारी डॉक्टर यायचे, आणि तांबड्या चिठ्ठीचे कुत्रे त्यानंतर दिसत नसत.

"त्याला नाव तरी ठेवू या," मुंगी म्हणाली.

"नको गं बाई! नाव ठेवलं की जीव लागतो." मामीचे डोळे भरून आले. "पिंजरे बावीस, आणि रोज दारात नवा कुत्रा उभा. जो माणसासमोर घोटभर पाणी पीत नाही, त्याला घरी कोण नेणार?"

बुधवारी सकाळी तिघं पिंजऱ्यासमोर गप्प बसली होती. अचानक कुत्रा थरथरायला लागला.

"काका तर अजून आलेसुद्धा नाहीत," चौकशी म्हणाली. "मग हा आत्ताच का घाबरला?"

मुंगीने कान टवकारले. लांब टोकाला नळ करकरला होता! जमिनीवरचा हिरवा पाइप फुगला, वळवळला, आणि पाठोपाठ काका आले. त्यांना सगळे एक्स्प्रेसकाका म्हणत. पिंजरा न उघडता, जाळीतूनच पाइपने सर्रकन फरशी धुवायची, त्याच धारेने भांडं भरायचं आणि पुढे सुटायचं! अर्ध्या तासात बावीस पिंजरे! धार आत घुसली तशी कुत्र्याने डोळे मिटले आणि मान पोटात घातली.

"पाइप!" मुंगी उठलीच. "काका, तिकडे याला पाण्याच्या धारेनेच मारत असणार! आणि आपण रोज सकाळी तेच करतोय!"

"पाण्याने कुणी मरतं का, मुंगीबाई?" काका हसले. "मला शहाणपण शिकवू नका. चला, बाजूला व्हा!"

सरळ बोटाने तूप निघेना! गुरुवारी सकाळी पाइप गायब झाला. तो जुन्या गोणपाटांखाली होता, आणि गोणपाटांवर बॉम्ब मांडी ठोकून बसला होता.

"कुठे गेला मेला पाइप?" करवादत काकांनी बादली उचलली. बावीस पिंजऱ्यांना दोन तास लागले.

मुंगी सात नंबरच्या जाळीला पाठ करून बसली. दाराखालच्या फटीतून तिने पाण्याची थाळी आत सरकवली होती. गुरुवारी काहीच झालं नाही. शुक्रवारी पायांना मुंग्या आल्या, तरीही काही झालं नाही. सोमवारी तर शाळा उघडणार होती. मुंगी मान खाली घालून रडली. पण आवाज न करता, कारण आवाजाने तो घाबरला असता.

शनिवारी डॉक्टर आले. त्यांनी चिठ्ठी पाहिली, बॅग खाली ठेवली. "मुली, ऊठ आता."

"पाच मिनिटं. फक्त पाच!"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मामीने तोंड फिरवलं. तीन मिनिटं गेली, चार गेली. मग मुंगीच्या पाठीमागे नखं वाजली. थांबली. पुन्हा वाजली. आणि लप्, लप्, लप्!

बॉम्बने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच!

"शाब्बास!" डॉक्टर मात्र ओरडले. "मोठ्यांना जमलं नाही ते पोरांनी केलं!" मामीने आनंदाने टाळ्या वाजवल्या, आणि थाळी उडवून कुत्रा पुन्हा कोपऱ्यात जाऊन पडला.

डॉक्टर ओशाळले. त्यांनी दारावरची चिठ्ठी काढून खिशात घातली. "फार आशा धरू नका," ते म्हणाले. "एक महिना देतो. पण रोज कुणीतरी बसायला हवं."

"मी तर उद्या जाणार, आणि या दोघांचीही सोमवारपासून शाळा," मुंगी पुटपुटली. मामीच्या हातात आणखी एकवीस पिंजरे होते.

मग एक्स्प्रेसकाकांनी सांडलेली थाळी पुन्हा भरली आणि हळूच फटीतून आत सरकवली. चावल्याची पट्टी अजून त्यांच्या हातावर होती.

"गोणपाटाखालचा तो पाइप विकून टाका, वहिनी," ते म्हणाले. "हो, मला सापडला होता कालच."

आणि गुडघे कुरकुरवत ते मुंगीशेजारी, पिंजऱ्याला पाठ करून, खाली बसले.